धातुकाम, महाराष्ट्रातील

धातुकाम, महाराष्ट्रातील : खनिजापासून धातू वेगळा करणे, तो शुद्ध करणे, दुसऱ्या धातूशी त्याचा संयोग करणे आणि ओतून, ठोकून, कापून वा जोडून त्यास इष्ट आकार देणे, या सर्व क्रियांचा समावेश धातुकामात होतो. मानवी संस्कृतीच्या कालखंडांना ताम्रयुग, कांस्ययुग, लोहयुग अशी नावे दिली जातात. त्यामुळे धातूचा शोध लागताच समाजाचे रूप पालटले, असा समज सहज होतो. महाराष्ट्राचा इतिहास मात्र निराळी साक्ष देतो. धातू ज्ञात होणे ही एक घटना व तो सर्वसामान्य माणसाच्या हाती येणे ही दुसरी घटना असून या दोहोंत कित्येक शतकांचे अंतर पडू शकते. समाजजीवनात खोलवर बदल घडतो तो दुसऱ्या घटनेने. जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील केदारखेडा किंवा पूर्णा खोऱ्यातील त्यासारखे कोणतेही गाव घेतले, तर तेथील काळ्या जमिनीची मशागत, घरातील भांडी, गाडीच्या चाकाची धाव व विहिरीवरील यंत्र यांतून हाच इतिहास टप्प्याटप्प्याने वाचता येतो. प्रस्तुत नोंदीत महाराष्ट्रातील धातुकामाचा विकास व त्याचे सामाजिक परिणाम यांचा आढावा घेतला आहे.

या इतिहासाच्या साधनांविषयी एक गोष्ट आरंभीच ध्यानात घ्यावयास हवी. फुटलेले खापर मातीतच राहते. मोडलेला धातू मात्र पुन्हा भट्टीत जातो. मोडीचा धातू वितळवून नवी वस्तू घडविण्याची प्रथा सर्व काळांत रूढ असल्याने प्राचीन धातुवस्तूंपैकी अत्यल्प आज शिल्लक आहेत. ज्या पुरल्या गेल्या, हरवल्या किंवा मृताबरोबर ठेवल्या गेल्या, त्याच प्रायः अभ्यासकांपर्यंत पोहोचल्या. लोखंड तर गंजून मातीत मिसळते. म्हणून उत्खननात मिळणाऱ्या वस्तूंच्या संख्येवरून प्रत्यक्ष वापराचे प्रमाण ठरविणे धोक्याचे असते. भट्टीचे अवशेष, भात्याच्या नळीचे तुकडे व धातुमळी यांना वस्तूंइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व प्राप्त होते.

प्रारंभ : निसर्गात शुद्ध रूपात सापडणारे तांबे ठोकून मणी, आऱ्या यांसारख्या लहान वस्तू करण्याची कला पश्चिम आशियात, विशेषतः अनातोलियात, इ. स. पू. आठव्या सहस्रकापर्यंत अवगत झाली होती. खनिजापासून तांबे गाळण्याचे सर्वांत जुने निश्चित पुरावे इ. स. पू. सु. ५००० च्या सुमाराचे असून त्यांत आग्नेय युरोपातील सर्बियाच्या स्थळांचा समावेश होतो. शुद्ध तांबे १,०८४° से. तापमानास वितळते. साध्या चुलीत इतकी उष्णता निर्माण होत नाही. तीसाठी लोणारी कोळसा, बंदिस्त भट्टी व हवेचा झोत ही तिन्ही साधने लागतात. कुंभाराच्या आव्याच्या अनुभवातूनच मानव या तंत्राकडे वळला असावा, असे सामान्यतः मानले जाते. भारतीय उपखंडात बलुचिस्तानातील मेहेरगढ येथे सु. ६,००० वर्षांपूर्वीचे, चाकाच्या आकाराचे तांब्याचे ताईत मिळाले असून ते मेणाच्या नमुन्यावरून ओतलेले आहे. या पद्धतीत मेणाच्या मूर्तीवर मातीचा लेप देऊन तो भाजतात. मेण वितळून निघून जाते व त्याच्या पोकळीत धातूचा रस ओततात. संस्कृत ग्रंथांत हिला मधूच्छिष्ट-विधान असे नाव आहे. पुढे तांब्यात कथिल मिसळून कासे तयार होऊ लागले. ते तांब्याहून कमी तापमानास वितळते, साच्यात चांगले भरते आणि थंड झाल्यावर अधिक कठीण बनते.

ताम्रपाषाणयुग : महाराष्ट्रातील पहिल्या शेतकरी वसाहती ताम्रपाषाणयुगातील होत. तापी, गोदावरी, प्रवरा, भीमा व घोड या नद्यांच्या खोऱ्यांत त्यांचे अवशेष आढळतात. संगमनेरजवळील जोर्वे येथे ह. धी. सांकलिया व शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये उत्खनन केले. तेथे तांब्याच्या सहा चपट्या कुऱ्हाडी व एक बांगडी मिळाली. याच स्थळावरून इ. स. पू. सु. १४०० ते ७०० या काळातील संस्कृतीस जोर्वे संस्कृती असे नाव पडले. पुणे जिल्ह्यातील चांडोली येथे तांब्याचा खंजीर सापडला. नेवासे येथे एका बालकाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली असून मण्यांत धाग्याचे अवशेष टिकून राहिले होते. तांब्याच्या क्षारांमुळे तंतू कुजत नाहीत. त्यामुळे धातूच्या एका अलंकाराने वस्त्रविद्येचाही पुरावा जपून ठेवला.

या काळातील सर्वांत प्रसिद्ध शोध दायमाबादचा होय. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात प्रवरेच्या काठी असलेल्या या स्थळी १९७४ मध्ये झुडपाचे मूळ खणताना चार भरीव ओतीव वस्तू सापडल्या. दोन बैल जुंपलेला व उभा सारथी असलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशा त्या चार वस्तू होत. रथाची लांबी सु. ४५ सेंमी. असून चारही वस्तूंचे एकत्रित वजन ६० किग्रॅ. हून अधिक भरते. त्या उत्तर हडप्पाकालीन असाव्यात, असे म. के. ढवळीकर आदी संशोधकांचे मत आहे. धातूच्या घटकांवरून काही संशोधकांनी या कालनिर्णयाविषयी शंका घेतली आहे. काळ कोणताही धरला, तरी इतका धातू एका जागी एकत्र करणे व तो निर्दोष ओतणे, यांसाठी दूरचा व्यापार आणि निष्णात कारागीर ही दोन्ही असणे अपरिहार्य होते. धातू मोजक्या हातांत एकवटलेला असला, म्हणजे त्यापासून मिरवणुकीची वा पूजेची वस्तू घडते, हेही या शोधावरून दिसून येते.

कारण सामान्य शेतकऱ्याच्या घरी चित्र वेगळे होते. शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८२ या काळात विस्तृत उत्खनन केले. तेथील कापणीची, सोलण्याची व तासण्याची बहुतेक कामे गारगोटीच्या जातीच्या दगडांपासून काढलेल्या पात्यांनी होत असत. तांब्याच्या वस्तू थोड्या व लहान आहेत. महाराष्ट्रात तांब्याचे साठे अल्प असून ते मुख्यत्वे पूर्व विदर्भात आहेत. पश्चिम महाराष्ट्रातील वसाहतींना तांबे बाहेरून आणावे लागत असावे. मोडलेला प्रत्येक तुकडा पुन्हा वितळविला जाई. कारागिरांची घरे वस्तीच्या एका बाजूस व प्रमुखाचे मोठे घर मध्यभागी, अशी तेथील रचना आढळते. हत्यार म्हणून दगड आणि प्रतिष्ठेची वस्तू म्हणून तांबे, अशी विभागणी जवळजवळ हजार वर्षे टिकून राहिली. म्हणजे धातू ज्ञात होता. परंतु शेतीचा कणा दगड, लाकूड व हाड यांचाच होता. वाळकी येथे हाडाचा फाळ मिळाला आहे, ही गोष्ट या दृष्टीने अर्थपूर्ण आहे.

लोहयुग : पृथ्वीच्या कवचात लोखंड तांब्यापेक्षा कितीतरी पटींनी अधिक आहे, मात्र ते मिळविणे कठीण असते. शुद्ध लोखंड १,५३८° से. तापमानास वितळते आणि प्राचीन भारतीय भट्ट्यांत इतके तापमान गाठले जात नसे. त्यामुळे प्राचीन कारागिराने लोखंड वितळविले नाही. त्याने ते खनिजापासून घन स्वरूपातच सोडवून घेतले. भट्टीत खनिज व कोळसा यांचे थर रचून भात्याने अखंड हवा दिली, की सु. १,२००° से. तापमानास खनिजातील माती व खडक वितळून धातुमळीच्या रूपाने वाहून जातात व तळाशी लोखंडाचा सच्छिद्र गोळा उरतो. हा गोळा पुनःपुन्हा तापवून घणाने ठोकला, की उरलेली मळी बाहेर पडते व घडीव लोखंड तयार होते. त्यात कार्बनाचा अल्प अंश मुरला व तापलेले पाते एकदम पाण्यात बुडविले, तर धार कठीण होते. यालाच लोहार पाणी देणे किंवा पाणी पाजणे असे म्हणतो.

भारतात लोखंडाचा प्रारंभ केव्हा झाला, याविषयीची मते अलीकडे वेगाने बदलली आहेत. पूर्वी हा काळ इ. स. पू. सु. १००० असा धरीत. उत्तर प्रदेशातील मल्हार, राजा नल का टीला इ. स्थळांवरून तो इ. स. पू. दुसऱ्या सहस्रकाच्या पूर्वार्धापर्यंत मागे गेला. तमिळनाडूच्या पुरातत्त्व खात्याने २०२५ मध्ये शिवगळै येथील कालमापने प्रसिद्ध केली. त्यांवरून तो याहूनही पुष्कळ मागे, इ. स. पू. चौथ्या सहस्रकापर्यंत, जातो. या कालमापनांवर अभ्यासकांत अद्याप चर्चा चालू आहे.

महाराष्ट्रात लोहयुगाचा सर्वांत समृद्ध पुरावा विदर्भातील महापाषाणीय दफनांत मिळतो. नागपूर जिल्ह्यातील टाकळघाट-खापा, माहूरझरी, नैकुंड इ. स्थळी दगडांच्या वर्तुळांत पुरलेल्या मृतांबरोबर लोखंडाच्या कुऱ्हाडी, खंजीर, छिन्न्या, भाले व बाण आणि घोड्याचे लगाम ठेवलेले आढळतात. काही कुऱ्हाडींवर दांडा पक्का बसविण्यासाठी लोखंडी पट्ट्यांची आडवी बांधणी केलेली आहे. घोड्याच्या मुखावरील अलंकार तांब्याच्या पत्र्याचे आहेत. काही भांड्यांच्या तांब्याच्या झाकणांवर पक्ष्यांच्या आकृती बसविलेल्या आहेत. दोन्ही धातूंच्या कामांची वाटणी येथे स्पष्ट होते : शोभेसाठी तांबे व कामासाठी लोखंड.

नैकुंड येथे शां. भा. देव व अ. प्र. जामखेडकर यांच्या उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टी उघडकीस आली. तिचा काळ इ. स. पू. सु. ७०० असा दिला जातो. मातीच्या वक्र विटांनी बांधलेली ही लहानशी वर्तुळाकार भट्टी, भात्याच्या नळ्या व जवळच पडलेली धातुमळी यांवरून लोखंड बाहेरून येत नसून वस्तीजवळच गाळले जात होते, हे सिद्ध झाले. महाराष्ट्राच्या इतिहासात या भट्टीचे मोल दायमाबादच्या रथाहून कमी नाही. रथ हे वैभवाचे चिन्ह आहे. भट्टी ही पुरवठ्याची खूण आहे. खनिज जवळ, कोळशासाठी वन जवळ आणि गाळण्याची विद्या गावात, असा योग जुळून आल्यावरच धातू स्वस्त होऊ शकतो.

लोखंड व शेती यांचा संबंध हा एक मोठा वादविषय आहे. लोखंडी कुऱ्हाड व फाळ यांच्या साहाय्यानेच घनदाट अरण्ये तोडणे व भारी जमीन लागवडीखाली आणणे शक्य झाले, असे प्रतिपादन दा. ध. कोसंबी यांनी केले. दख्खनच्या काळ्या जमिनीसही त्यांनी हा विचार लावला. उलट, जोर्वे संस्कृतीचे लोक लोखंडाविनाही शेती करीत, इनामगावात त्यांनी पाट व बांध बांधला होता आणि त्यांच्या वसाहती ओस पडल्या त्या पर्जन्यमान घटल्यामुळे, असे ढवळीकरांचे मत आहे. दोन्ही मतांतील तथ्यांश एकत्र पाहिला, तर असे दिसते, की लोखंडाने शेतीस जन्म दिला नाही. पण तिचा विस्तार त्याच्यामुळे सुकर झाला. नदीकाठच्या गाळाच्या पट्ट्याबाहेर, हरळी व कुंद्याच्या खोल मुळांनी जखडलेल्या काळ्या जमिनीत पाऊल टाकण्यास लोखंडाचे टोक आवश्यक होते.

सातवाहन काळ व त्यानंतर : इ. स. पू. दुसऱ्या-पहिल्या शतकांपासून धातूचा वापर सर्वत्र पसरलेला दिसतो. केदारखेड्याच्याच तालुक्यातील भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन होय. येथील दात्यांचे उल्लेख सांची व भारहूत येथील लेखांत आहेत. तेथे १९७३ च्या सुमारास झालेल्या उत्खननात सातवाहनकालीन नगराचे अवशेष व एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. या मूर्तीशी साम्य असलेली मूर्ती इटलीतील पाँपेई येथे सापडली आहे. पैठण, तेर व भोकरदन या व्यापारमार्गांवरील नगरांच्या भरभराटीस धातूच्या नाण्यांचे साहाय्य झाले. सातवाहनांनी शिसे, तांबे व पोटीन (तांबे, कथिल व शिसे यांचे मिश्रण) यांची नाणी मोठ्या प्रमाणात पाडली. हलक्या धातूची ही नाणी बाजारातील किरकोळ देवघेवीची होती. धातू सामान्यांच्या हाती आल्याचा हा दुसरा मार्ग म्हणता येईल.

धातूच्या पुनर्वापराचे उत्तम उदाहरणही याच काळातील आहे. नासिकजवळील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये क्षत्रप नहपानाच्या १३,००० हून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपले छाप पुन्हा मारले होते. धातू तोच राहिला. सत्ता मात्र बदलली, याची साक्ष नाण्यानेच दिली.

कारागिरांच्या सामाजिक स्थानाविषयी लेणी-लेखांतून मोलाची माहिती मिळते. जुन्नर येथील एका लेखात कासाकारांच्या म्हणजे काशाचे काम करणाऱ्यांच्या श्रेणीकडे दानाची रक्कम ठेव म्हणून सोपविल्याचा उल्लेख आहे. श्रेणी विश्वासार्ह व सधन असल्याखेरीज हे शक्य नव्हते. कन्नड तालुक्यातील पितळखोरे येथे मिळालेल्या यक्षमूर्तीवर ती कण्हदास नावाच्या सोनाराने घडविल्याचे कोरलेले आहे. सोन्यावर काम करणारा हात दगडावरही तितक्याच सफाईने चाले, हे त्या मूर्तीतील अलंकारांच्या बारकाव्यांवरून ध्यानी येते. ब्रह्मपुरी (कोल्हापूर) येथील काशाच्या वस्तूंत पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची रोमन बनावटीची मूर्ती आहे. परदेशी धातुकामाचा परिचय येथील लोकांस होता, हे तीवरून कळते.

अजिंठा, वेरूळ व कार्ले येथील लेणी ही लोखंडाची अप्रत्यक्ष स्मारके होत. सह्याद्रीचा असिताश्म अत्यंत कठीण असून तो लोखंडी छिन्नीखेरीज खोदता येत नाही. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण (कार. सु. ७५६–७३) याच्या काळातील वेरूळचे कैलास लेणे डोंगर वरून खाली खोदत आणून घडविले आहे. अशा कामात छिन्नीचे टोक वारंवार बोथट होते. त्यामुळे पाथरवटांच्या जवळच लोहारांच्या भट्ट्या अहोरात्र पेटलेल्या असल्या पाहिजेत, हे उघड आहे. त्या लोहारांची नावे कोठेही कोरलेली नाहीत. भिंतींवरील छिन्नीचे घाव हीच त्यांची नोंद होय. ओतकामाच्या शास्त्राची नोंद मात्र ग्रंथरूपाने उरली आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास या बाराव्या शतकातील ग्रंथात मेणाच्या नमुन्यावरून मूर्ती ओतण्याची कृती सविस्तर दिली आहे.

मध्ययुग : तोफांच्या आगमनाने ओतकामास नवे वळण लागले. विजापूरच्या तटावरील प्रसिद्ध मुलूख-मैदान तोफ मुळात अहमदनगर येथे १५४९ मध्ये मुहम्मद बिन हुसेन रूमी याने निजामशाहीसाठी ओतली. तिचे वजन सु. ५५ टन मानले जाते. एवढा रस एकाच वेळी वितळवून, खंड न पडू देता साच्यात सोडणे हे त्या काळी विलक्षण कौशल्याचे काम होते. दौलताबादच्या किल्ल्यावरील मेंढा तोफ हीही याच परंपरेतील आहे. दख्खनच्या पूर्व भागात, आजच्या तेलंगणातील कोनसमुद्रम्‌ इ. ठिकाणी, मुशीत तयार होणारे उच्च प्रतीचे पोलाद इराणपर्यंत निर्यात होई. मायकेल फॅराडेसारख्या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्याचा अभ्यास केला. मराठ्यांच्या तलवारींत मात्र यूरोपीय पात्यांचाही भरणा होता व त्यांवरूनच फिरंग हे नाव रूढ झाले. छत्रपती शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या (१६७४) सुमारास पाडलेली तांब्याची शिवराई ही सामान्यांचे नाणे ठरली आणि मराठी राज्य संपल्यानंतरही ती दीर्घकाळ व्यवहारात राहिली.

पेशवाईत पुण्यास तांबट व कासार यांची वस्ती वाढली. तांबट आळी हे नाव आजही तिची आठवण देते. नासिक हे तांब्यापितळेच्या भांड्यांचे दुसरे मोठे केंद्र बनले. पितळेसाठी लागणारे जस्त मिळविणे विशेष कठीण असते. ते ९०७° से. तापमानास वायुरूप होऊन उडून जाते. राजस्थानातील जावर येथे मध्ययुगात बंद मुशींतून त्याचे ऊर्ध्वपातन केले जाई. या तंत्रामुळे पितळ विपुल झाले आणि काशाच्या जोडीने मराठी घराच्या मांडणीवर त्यास स्थान मिळाले.

लोहार व गावगाडा : महाराष्ट्राच्या ग्रामव्यवस्थेत लोहार हा बलुतेदार होता. नांगराचा फाळ, कुळवाची पास, खुरपे, विळा, कुऱ्हाड व गाडीच्या चाकाची लोखंडी धाव ही त्याची कामे. ऐरण, घण, हातोडा, सांडस, छिन्नी व भाता एवढ्या साधनांवर त्याचा व्यवसाय चाले. झिजलेला फाळ तापवून, ठोकून पुन्हा टोकदार करणे याला शेवटणे असे म्हणतात. पेरणीपूर्वी गावातील बहुतेक सर्व अवजारे शेवटण्यासाठी लोहाराकडे येत व त्याबद्दल त्यास सुगीच्या वेळी धान्याच्या रूपाने बलुते मिळे. या व्यवस्थेमुळे अल्प लोखंडही दीर्घकाळ पुरे. गावात लोहार नसेल, तेथे घिसाडी जमातीची फिरती कुटुंबे बिऱ्हाड घेऊन येत व रस्त्याकडेला भट्टी मांडीत. भाता ओढणे व घण मारणे यांत त्यांच्या स्त्रियांचाही वाटा असे. अवजार विकत घेण्याइतकेच ते दुरुस्त करणारा माणूस जवळ असणे शेतीस आवश्यक होते. मात्र याच व्यवस्थेने कौशल्य जातीशी जखडून टाकले. कारागिरास लेखनविद्या दुर्मीळ व लेखनविद्या जाणणाऱ्यास भट्टी अपरिचित, या दुराव्यामुळे लोहारकामाचे ज्ञान ग्रंथात उतरले नाही. ते पित्याकडून पुत्राकडे हातानेच गेले.

खनिजापासून लोखंड गाळणारे लोक घडाई करणाऱ्या लोहारांहून वेगळे होते. महाबळेश्वरच्या परिसरात धावड नावाचे लोक जांभ्या खडकातील लोखंड गाळीत असत. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधून स्वस्त लोखंड मुंबई बंदरात उतरू लागले, लोहमार्गांनी ते अंतर्भागात पोहोचले आणि सरकारी वनांच्या निर्बंधांमुळे कोळसा मिळणेही कठीण झाले. त्यामुळे ठिकठिकाणच्या भट्ट्या विझल्या. लोहार टिकला, कारण त्यास आयात लोखंड व मोड मिळू शकली. गाळणारा नाहीसा झाला. सु. अडीच हजार वर्षांची एक विद्या दोन-तीन पिढ्यांत लोपली आणि तिची पद्धत जाणून घेण्यासाठी आज अभ्यासकांस धातुमळीचे ढीग तपासावे लागतात. धातूचा प्रसार वाढत असताना धातुविद्या मात्र समाजाच्या हातून निसटू शकते, ही या इतिहासातील सर्वांत विचारात टाकणारी घटना होय.

आधुनिक काळ : चांदा (चंद्रपूर) जिल्ह्यातील लोहारा येथील समृद्ध खनिजाविषयी फॉन श्वार्त्स या जर्मन तज्ञाने १८८२ मध्ये अहवाल दिला. तो वाचून जमशेटजी टाटा यांच्या मनात पोलाद-कारखान्याची कल्पना दृढ झाली. तथापि वरोऱ्याचा दगडी कोळसा या कामास योग्य न ठरल्याने चांद्याची योजना मागे पडली. १९०७ मध्ये स्थापन झालेल्या टाटा कंपनीचा कारखाना साकची (जमशेटपूर) येथे उभा राहिला व १९१२ मध्ये तेथे पोलाद तयार झाले. खनिज असूनही इंधनाअभावी कारखाना दूर जावा, यात धातुकामाचा जुनाच नियम पुन्हा प्रत्ययास आला. लोखंडाचे स्थान खनिजाइतकेच इंधन ठरविते.

शेतीच्या दृष्टीने महत्त्वाचे पाऊल लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी टाकले. दख्खनच्या काळ्या जमिनीत जड लाकडी नांगर चालविण्यासाठी तीन-चार बैलजोड्या लागत. ज्याच्याकडे तेवढे बैल नसत, त्यास इतरांची मदत घ्यावी लागे किंवा जमीन नांगरल्याविना ठेवावी लागे. विसाव्या शतकाच्या आरंभी किर्लोस्करांनी बेळगाव येथे बिडाच्या फाळाचा लोखंडी नांगर तयार केला. लोखंडामुळे जमीन विषारी होते, या समजुतीमुळे प्रारंभीची दोन वर्षे त्यास गिऱ्हाईक मिळणे दुरापास्त झाले. १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी येथे कारखाना निघाला आणि नंतर या नांगराचा महाराष्ट्रभर प्रसार झाला. शेतकऱ्याची शंका केवळ अज्ञानाची नव्हती. लाकडी नांगर मोडला, तर गावातील सुतार-लोहार तो नीट करीत; बिडाचा फाळ मोडला, तर तो ठोकून जोडता येत नसे व कारखान्याचाच सुटा भाग आणावा लागे. अवजार सुधारले, तसे त्यावरील गावाचे नियंत्रण कमी झाले. पुढे तेलाची इंजिने, पंप व स्वातंत्र्योत्तर काळातील ट्रॅक्टर यांनी ही प्रक्रिया पूर्णत्वास नेली. पास व फाळ शेवटण्याचे काम घटले. अनेक लोहार कुटुंबे जोडकाम, दारे-खिडक्यांची लोखंडी चौकट व शेती-यंत्रांची दुरुस्ती यांकडे वळली.

जालना शहरात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पोलाद उद्योग वाढला. येथे खनिज नाही व कोळशाची खाणही नाही. भंगार व स्पंज आयर्न विजेच्या प्रवर्तन भट्टीत वितळवून त्यापासून कांड्या ओततात व त्या लाटून बांधकामाच्या सळ्या काढतात. निकामी यंत्रे, मोडकी वाहने व जुनी अवजारे हा या भट्ट्यांचा कच्चा माल होय. पूर्णा खोऱ्यातील एखाद्या शेतात झिजलेला फाळ भंगाराच्या वाटेने जालन्यास जाऊन घराच्या छतातील सळई बनू शकतो. जोर्वेकालीन कारागीर तांब्याचा मोडका तुकडा जपून वितळवीत असे, त्याच तत्त्वाचा हा प्रचंड विस्तार आहे. या उद्योगाने जिल्ह्यास रोजगार दिला. त्याचबरोबर भट्टीपुढील कामगारांची सुरक्षितता, धूर व विजेचा मोठा वापर हे प्रश्नही निर्माण केले. पूर्व विदर्भात गडचिरोली जिल्ह्यातील सुरजागड येथील लोहखनिजाचे उत्खनन अलीकडे वाढले असून तेथील वने व माडिया गोंडांचे जीवन यांवरील त्याचे परिणाम हा वादाचा विषय झाला आहे.

समारोप : महाराष्ट्रातील धातुकामाचा इतिहास पाहता तीन गोष्टी ठळकपणे नजरेत भरतात. पहिली, धातूचे सामाजिक महत्त्व त्याच्या शोधावर नव्हे, तर विपुलतेवर अवलंबून असते. दायमाबादच्या रथाने शेती बदलली नाही. साध्या फाळाने ती बदलली. दुसरी, ही विपुलता खनिज, इंधन व कौशल्य या तिहींच्या मेळाने येते आणि त्यांपैकी एक तुटताच भट्टी विझते. तिसरी, धातू पुनःपुन्हा वितळविता येतो. परंतु तो गाळणाऱ्या-घडविणाऱ्या माणसाचे ज्ञान एकदा विझले, तर ते तसे पुन्हा मिळविता येत नाही. नैकुंडची भट्टी मातीखाली टिकली, म्हणून ज्ञात झाली. खेड्यातील उरलेल्या लोहारांच्या हातांतील विद्या मात्र मातीखाली टिकणारी नाही. तिचे शब्द, हत्यारे व कृती यांची पद्धतशीर नोंद ते हात चालू आहेत तोवर होणे अगत्याचे आहे.